ओल्या गोणपाटाखालची होडी

मालू, ये गं, अशी जवळ बस. मोबाईल पालथा ठेव आणि चष्मा लाव. हे मी तुझ्यासाठी लिहिलंय, तेव्हा तूच वाचायचंस. शेजारच्या सुलूला वाचायला लावून आपण तांदूळ निवडत ऐकायचं, असलं काही चालणार नाही. तुझं झालं की मग वाचनालयातल्या बायकांना दे. निघताना त्यांनीच मला बजावलं होतं, आक्का, तिकडच्या प्रवासाचं काहीतरी लिहून पाठव, आम्ही काही तिथवर पोचत नाही. त्यांनाही कळायला हवं, म्हणून तुला ठाऊक असलेलंही मधूनमधून सांगेन. कंटाळू नकोस.

आणि आधी थोडं ओरडून घेते. किती दिवस असं तोंड फिरवून बसणार आहेस? मी फोन केला की विचारतेस, जेवलीस का, गुडघा कसा आहे, नात मराठी बोलते का. आणि मग आवाज बारीक करून, ‘त्याला सांग, कफ बरा झाला नसेल तर दाखवून घे म्हणावं.’ त्याला म्हणजे मंगेशला, तुझ्या पोटच्या पोराला. त्याच्याशी तू बोलत नाहीस, पण त्याचा कफ तुला माझ्यामार्फत विचारायचा असतो. मी काय पोस्टमन आहे? वर म्हणतेस, ‘तुमच्या त्या न्यूझीलंडात आहे काय बघायला, गायी नि गवत.’ बाई, तुझा पासपोर्ट कपाटात आहे, व्हिसा होऊन पडलाय, आणि तू गायीगवताला नावं ठेवत घरी बसलीस. म्हणून आता नीट ऐक, मी काय बघून आले.

वाचनालयाच्या बायकांसाठी सांगते. मी माझ्या लेकीकडे, स्नेहाकडे, ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात राहते. घरं मोठी, नवी, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी. रस्त्यावर माणूस दिसत नाही, गाड्या तेवढ्या दिसतात. मालूचा मंगेश माझ्याही आधी इथे शिकायला आला, कॉम्प्युटरचं शिकला, ऑकलंडमध्येच हेन्डरसनला राहून एका ऑफिसात चांगल्या नोकरीला लागला. आणि मग एक दिवस नोकरी सोडून टौरंगाला गेला, लाकडी होड्या बांधायला. आमचे वडील आचऱ्याच्या खाडीवर होड्या बांधायचे. त्या धंद्यात त्यांना काय मिळालं ते आम्ही दोघी बहिणी जाणतो. कोळी लोक चांगले होते, पण हंगाम नसला की मजुरी म्हणून टोपलीभर सुंगटं, म्हणजे कोळंबी. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि बाबांना कुणी हाक मारेना. तेव्हा मालूने ठरवलं होतं, माझ्या मुलाच्या हातात रंधा येणार नाही. अंगणवाडीत नोकरी करून तिने त्याला शिकवलं, परदेशी धाडलं. आणि तिथे जाऊन त्याने रंधाच धरला. राग यायचाच. मलाही आला होता. म्हणून तिने मला सांगितलं, जा, त्याची समजूत घाल. आणि मी गेले.

टौरंगा

स्नेहाने गाडी चालवली, मागे मी आणि माझी नात ईरा. ईरा नऊ वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि आमचं दोघींचं छान चालतं. डोंगर ओलांडून उतरलो की किवी फळाच्या बागा लागतात. घाटावर द्राक्षांचे असतात तसे मांडव, पण भोवती झाडांची इतकी उंच भिंत की आत काय आहे ते दिसत नाही. वारा अडवायला लावतात म्हणे. मग बंदर. ओंडक्यांचे ढीग टेकडीएवढे. ते बघून मला पहिल्यांदा बाबांची आठवण झाली. एक चांगला ओंडका मिळावा म्हणून ते किती गावं पालथी घालायचे, आणि इथे हे जहाजात भरून चाललेत.

मंगेश रस्त्यावरच उभा होता. मालू, बारीक झालाय, पण खांदे रुंद झालेत. पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. इथे लोक त्या घालून कुठेही जातात, आणि काही जण त्याही घालत नाहीत, दुकानात अनवाणी फिरतात. मंगेशने वाकून नमस्कार केला तेव्हा त्याच्या केसांत भुसा होता. मी तो झटकला नाही. बाबांच्या केसांत असायचा तसाच.

तो ज्याच्याकडे काम करतो त्याचं नाव विरेमू. साठीचा, माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतला, माझ्या दुप्पट रुंद. मी आपले हात जोडले. त्याने ‘किया ओरा’ म्हणत माझे जोडलेले हात धरले आणि खाली वाकून कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं. त्यांची भेटायची रीत ती. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. परक्या पुरुषाचं नाक इतक्या जवळून मी कधी बघितलं नव्हतं, आणि माझी चमकी त्याला टोचली असणार, कारण तो मागे होऊन नाक चोळत काहीतरी बोलला आणि सगळे हसले. स्नेहा म्हणाली, ‘आई, तो म्हणतोय की तू हत्यार आणलंयस.’ त्या क्षणापासून आमचं जमलं.

आता शेड. आत पाऊल टाकलं आणि वास आला. तेल, भुसा आणि ताज्या लाकडाचा थोडा आंबूस वास. मालू, डोळे मिटले असते तर मी आपल्या अंगणात होते. कोपऱ्यात एक लांबच लांब लाकडी पेटी, तिला खालून नळी, नळीला पाण्याची किटली. त्यात फळी घालून वाफ देतात, मऊ झाली की पटकन काढून वाकवतात. मी म्हटलं, ही तर पातोळ्या उकडायची तऱ्हा झाली. बाबा फळी ओली करून जाळावर धरायचे, हात भाजून घ्यायचे. इथे हातमोजे घालतात, एवढाच फरक. हिवाळ्यात, इथे तो आपल्या पावसाळ्यात येतो, होड्यांचं काम मंदावतं, तेव्हा हे दोघे त्याच पेटीत बर्फावर घसरायच्या पट्ट्या वाकवतात, स्की म्हणतात त्या. मंगेशने स्वतःची पहिली जोडी नुकतीच पुरी केली होती. पुढचं टोक असं वर वळवलेलं, जसं आपल्या होडीचं नाळेकडे, म्हणजे पुढच्या निमुळत्या तोंडाकडे, वळतं.

आणि शेडच्या मधोमध त्याची होडी. ती त्याने स्वतःसाठी बांधलीय, सुट्टीच्या दिवशी एकेक फळी जोडून. जुनं घर पाडलं होतं कुणी, त्यातलं कौरी झाडाचं लाकूड. आता ती झाडं तोडत नाहीत, म्हणून जुनंच शोधावं लागतं. मधाच्या रंगाच्या फळ्या, एकीवर एक चढवलेल्या, माशाच्या खवल्यांसारख्या, आणि तांब्याचे खिळे रांगेत. मी हात फिरवत गेले. कुठे बोट अडखळलं नाही. आत मात्र ओली गोणपाटं अंथरलेली. मी विचारलं, ही कशाला? मंगेश म्हणाला, लाकूड सुकू नये म्हणून रोज सकाळी भिजवतो. मग मी साधा प्रश्न विचारला, जो कुणीही विचारेल. होडी तयार आहे, पाणी समोर आहे, मग पाण्यात का नाही घालत?

तो म्हणाला, ‘घालू.’ आणि चहा ठेवायला गेला.

विरेमूने माझ्याकडे बघून खांदे उडवले. त्याचं म्हणणं स्नेहाने सांगितलं: तो रोज पोराला सांगतो, बाबा रे, पाण्यात घाल, उन्हाळा येतोय, लाकूड उलेल, सांधे उघडतील. शिवाय डिसेंबरात दुसरं मोठं काम येणार आहे, तेव्हा शेड रिकामी लागेल. पोरगा ऐकत नाही. झाडाला पाणी घालावं तसं होडीला पाणी घालतो.

वाचनालयातल्या बायकांना एक रीत सांगायला हवी. ती गावातल्या सगळ्या सुतारांची नव्हे, आमच्याच घरची. होडी पुरी झाली, फटींत कापूस भरून त्या बुजवल्या, म्हणजे काळपत्ती झाली, की बाबा ती पाण्याला लावायच्या आधी आमच्या आईला आत बसवायचे. कोरड्या वाळूत, ओंडक्यांवर होडी, ओटीत नारळ घेऊन आई मधल्या फळीवर आणि आईच्या मांडीवर मालू. मी मोठी, मी बाहेर उभी. मग बाबा मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, घेऊन फळीफळीवर टकटक करत चहूबाजूंनी फिरायचे. माणसाच्या भाराने होडी दबते, आणि जी फळी मनापासून बसलेली नाही तिचा आवाज तेव्हा वेगळा येतो. बाबा विचारायचे, ‘मालू, खोटं कुठे वाजलं?’ आणि ही एवढीशी पोर बोट दाखवायची. कधी चुकली नाही. घरची बाई बसल्याशिवाय होडी पाण्याला दाखवायची नाही, असं बाबा म्हणायचे. ही गोष्ट मंगेशला लहानपणी मीच सांगितलेली, दहा वेळा.

तर मला वाटलं, पोराला हेच हवं असेल, पण मागायला संकोचतोय. मी सपाता काढल्या, पदर खोचला, एक गोणपाट बाजूला सारलं आणि स्टुलावर पाय ठेवून आत चढायला लागले. मंगेश हातात चहाचे कप घेऊन आला, कप तसेच फळकुटावर ठेवले आणि माझा दंड धरला. हळू, पण घट्ट.

‘मावशी, नको.’

‘अरे, मी काय जड आहे इतकी?’

‘तसं नाही. उतर तू.’

त्याने मला उतरवलं, गोणपाट पुन्हा नीट अंथरलं, कडा दाबून बसवल्या, जसं पोराला पांघरूण घालावं. मी चहा प्यायले. गोड होता, पण मला लागला नाही. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. एवढ्या लांबून आलेली मावशी आणि होडीत बसायला नको. मी मनात म्हटलं, मालू म्हणते ते खरं आहे, पोरगा बदललाय.

रात्रीचं जेवण विरेमूच्या घरी होतं. अंगणात शेगडी. त्याने मासे आणले होते, आणि मी सोबत कोकम नेलंच होतं, तेव्हा अर्धे मासे त्याच्या पद्धतीने नि अर्धे माझ्या. इथली गोरी माणसं माशाचं डोकं फेकून देतात, असं मी ऐकलं होतं. विरेमूकडे तसं नाही. सगळ्यात मोठं डोकं त्याने माझ्या ताटात वाढलं. पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्याला ते द्यायचं. आपल्याकडे डोकं घरच्या पुरुषाच्या पानात जातं, आणि आपण दोघींनी लहानपणी त्या पानाकडे किती आशेने बघितलंय, आठवतं? मी ते चोखून चोखून खाल्लं. ईरा म्हणाली, ‘आजी, दॅट इज सो ग्रोस,’ आणि मग हळूच एक गाल मागून घेतला.

समुद्र

दुसऱ्या सकाळी मला समुद्रावर नेलं, आणि तिथे मी किंचाळायचीच बाकी होते. वाळूत एक लांब निमुळती होडी, आणि तिच्या एका अंगाला दोन दांड्यांवर बांधलेला तरंगता ओंडका. मालू, उलांडी! आपल्या बाबांची उलांडीची होडी. कुठलं आचरं, कुठलं हे टौरंगा. मी मंगेशला म्हटलं, ही इथे कुणी आणली? तो हसला. ‘मावशी, मीही पहिल्यांदा बघितली तेव्हा तासभर इथेच बसून राहिलो होतो. मग विरेमू आला आणि म्हणाला, नुसता बघतोयस काय, धर एक बाजू.’ तर असा हा नोकरी सोडून गेला. मला इतके दिवस वाटायचं, कुणीतरी भरीला घातला असेल. त्याला आजोबांची होडी दिसली होती.

इथे त्या होडीला वाका आमा म्हणतात. सहा जण वल्हवतात. आणि ती सकाळची पाळी कुणाची, तर म्हाताऱ्यांची. पाच बायका, केस पांढरे, दंड माझ्या मांडीएवढे, विरेमूची थोरली बहीण त्यात पुढे. सहावी आली नव्हती, तिच्या नातीचा वाढदिवस होता. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. स्नेहा म्हणाली, आई, नाही हं. मी म्हटलं, का नाही? खाडीपलीकडच्या शाळेत आपण दोघी होडीनेच जायचो, तरीवाल्याला वल्हं आपणच मारून द्यायचो.

पंजाबी ड्रेसवर तरंगायचं जाकीट चढवलं, आणि बसले. पहिल्या दहा वल्ह्यांत मी मागच्या बाईला भिजवून काढलं. आपलं वल्हं होडीला बांधलेलं, आपण ते ओढतो. त्यांचं हातात मोकळं, आणि तोंड पुढे करून खणल्यासारखं मारायचं. मागची बाई नुसती माझ्या पाठीवर थाप मारायची, एक थाप एक वल्हं. त्या थापेवर हात लागला. मग काय सांगू? समोर तो एकटा उभा डोंगर, माउआओ म्हणतात त्याला, बंदराच्या तोंडाशी पहारेकऱ्यासारखा. मध्येच एक भलंमोठं मालवाहू जहाज गेलं आणि त्याच्या लाटा आमच्याकडे आल्या. पुढची बाई ओरडली, सगळ्यांनी उलांडीकडे भार दिला, मी न सांगता दिला. कुणी शिकवलं होतं? अंगातच होतं ते. होडी उचलली, ओंडका सळसळला आणि आम्ही पलीकडे.

किनाऱ्याला लागलो. मंगेश कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभा होता, होडी धरायला. सगळा वेळ तसाच उभा होता, स्नेहा म्हणाली. आदल्या दिवशीचं वाईट वाटणं तिथेच अर्धं विरघळलं. अर्धं राहिलं.

डोंगर

तिथून आम्ही बर्फाकडे निघालो. मंगेशला त्याच्या स्कीची जोडी चालवून बघायची होती, ईराला बर्फ बघायचा होता, आणि मला माझं काम उरकायचं होतं. डोंगराचं नाव रुआपेहू, पायथ्याचं गाव ओहाकुने. गावाच्या तोंडाशी गाजराचा पुतळा आहे, दुमजली घराएवढा. आपल्याकडे पुढाऱ्यांचे असतात, इथे गाजराचा. मला बरं वाटलं, गाजराने निदान कुणाचं वाईट केलेलं नसतं. एक पिशवी विकत घेतली.

राहायला लाकडी खोल्या होत्या. बाकीचे जेवणाचं आणायला गेले आणि मी एकटी हीटरपाशी गुडघ्यांना तेल लावत बसले. शेजारी भिंतीला टेकवून मंगेशच्या त्या पट्ट्या. वरून झकास तेलपाणी केलेल्या, पण मी उलटून बघितल्या तर तळ अगदी कोरडा, पांढुरका. मला दया आली. इतकं सुंदर काम आणि पोरगा तळाला तेल द्यायला विसरला! होडीचा तळ बाबा किती मायेने तेलवायचे, उंडीचं तेल, शेवटच्या बोटापर्यंत जिरवून. माझ्याकडे खोबरेल होतं. हीटरपाशी ठेवून पातळ केलं आणि दोन्ही पट्ट्यांना चांगलं सढळ हाताने चोपडलं. म्हटलं, सकाळी त्याला आपोआप कळेल, मावशी काय चीज आहे.

सकाळी कळलं.

आधी बर्फाचं सांगते. मला वाटायचं बर्फ म्हणजे फ्रीजरमधला, खडा. तसा नाही तो. बारीक रव्यासारखा, पायाखाली कुरकुरतो आणि पायाचा ठसा इतका स्वच्छ उमटतो की आपलंच पाऊल आपल्याला नवं वाटतं. वर आभाळ निळंभोर, खाली पांढरं, मध्ये काही नाही. लोक बोलतात तेही कापसातून ऐकू येतं. त्या डोंगराला तिथले माओरी लोक आपला पूर्वज मानतात, शिखरावर पाय द्यायला बरं नाही म्हणतात. मला ते लगेच पटलं. आपल्याकडेही देवाच्या डोंगरावर आपण गाभाऱ्याबाहेरूनच हात जोडतो.

तर मंगेश पट्ट्या बांधून उभा राहिला. ईरा मोबाईल घेऊन शूटिंगला. त्याने काठ्या रोवल्या, वाकला, ढकललं, आणि पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत. मंगेश तेवढा पुढे गेला. तोंडावर पडला. उठला, पुन्हा ढकललं, पुन्हा पडला. पट्टी उलटून बघतो तर खाली हा जाड थर, लाडू खोबऱ्यात घोळवावा तसा बर्फ. त्याने बोटाने थोडं काढलं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे बघितलं.

‘मावशी, हे खोबरेल आहे?’

मी म्हटलं, ‘शुद्ध आहे. घाण्याचं.’

स्नेहा खाली बसली हसता हसता. मला काय माहीत, तळाला मेण लावून ते घासून काढलेलं होतं, कोरडं दिसायलाच हवं होतं! आपल्याकडे थंडीत गोठतं म्हणून बाटली चुलीपाशी ठेवतो आपण, आणि मी तेच तेल बर्फाला लावलं. मंगेश रागावला नाही. गाडीपाशी गेला, पत्र्याची पट्टी काढली आणि तेल खरवडायला बसला. मी दुसरं टोक धरलं. स्नेहा ईराला घेऊन पुढे गेली. आणि अशा रीतीने, मालू, बर्फात, गाडीच्या उघड्या डिकीत बसून, मी तुझं काम केलं.

मी म्हटलं, तुझी आई म्हणते, आजोबांनी ज्यात आयुष्य घालवलं त्यात तू परत का पडलास. हात बघ स्वतःचे. म्हटलं, ऑफिसात सावलीत बसून चार माणसांत मान होता. सगळं तुझ्या शब्दांत सांगितलं, पदरचं घातलं नाही. तो खरवडत राहिला. मग म्हणाला, ‘मावशी, ऑफिसात होतो तेव्हा आई रोज विचारायची, आज काय केलंस? मला सांगताच यायचं नाही. काहीतरी सांगायचो. आता रोज सांगण्यासारखं असतं, तर ती फोन घेत नाही.’

मग माझं अर्धं उरलेलं वाईट वाटणं वर आलं. म्हटलं, ‘आणि मला का उतरवलंस होडीतून? रीत मीच सांगितलेली तुला.’

‘तूच सांगितलेलीस. घरची बाई बसल्याशिवाय होडी पाण्याला दाखवायची नाही.’

‘मग मी कोण?’

‘तू मावशी. तू दुसऱ्या दिवशी बस, हवं तितकं बस.’ आणि मग खाली बघून, आपल्या मालवणीत, जी तो इथे कुणाशीच बोलत नाही, म्हणाला, ‘आवशीक सांग, होडी तयार आसा.’

आईला सांग, होडी तयार आहे, एवढंच. नाक पुसलं, कफ अजून आहे त्याला. मीही पट्टी धरून ठेवली, कारण दुसरं काय धरणार? तो ती होडी का भिजवत बसलाय ते मला तिथे कळलं. बांधून झाली तेव्हापासून तो लाकडाला थांबवतोय, कारण तू थांबली आहेस. आणि बघ, मला आत बसवून तो मोकळा होऊ शकला असता. कुणाला कळलं असतं? विरेमूला रीत माहीत नाही, पाण्याला तर नाहीच नाही.

तेल निघालं. मंगेशने पट्ट्या बांधल्या आणि या वेळी ढकललं तर असा गेला, जसं खाडीत वारा भरलेलं शीड जातं. वळणं घेत, आवाज नाही, मागे दोन रेघा. खालून हात केला त्याने. स्की नीट वाकलेल्या होत्या; मला त्यातलं कळत नाही, पण लाकूड खाली काय सांगतंय ते तो ऐकत होता, एवढं उतारावरून दिसत होतं. मग ईराने मला घसरगाडीवर बसवलं, तीही मंगेशनेच केलेली, आणि दोघी किंचाळत खाली. माझी एक सपात, म्हणजे बूट गं, निघून वर राहिला. तो आणायला एक अनोळखी बाई घसरत आली आणि हातात देऊन ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणून गेली. म्हणजे काही हरकत नाही, छान चाललंय.

परत

आता फ्लॅट बुशला परत आलेय. दंड दुखतात. गाजराचा हलवा केला, अर्धा मंगेशसाठी ठेवलाय. इथला वसंत अर्ध्यावर आलाय. बाहेर ऊन कडक व्हायला लागलंय, आपल्याकडच्या मार्चसारखं. काल मंगेशचा फोन होता, गोणपाटं आता सकाळ-संध्याकाळ भिजवतो म्हणाला. एका फळीशी केसाएवढी फट दिसायला लागलीय. पाण्यात पडली तर लाकूड पाणी पिऊन फुगेल आणि ती मिटेल, पण शेडमध्ये राहिली तर वाढेल. विरेमू आता काही म्हणत नाही. स्नेहाने त्याला रीत समजावली, तेव्हापासून तोही जाता-येता बादली ओततो.

मालू, मी समजूत घालायला गेले होते, ती घालता आली नाही. तुझा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. बाबांच्या रिकाम्या शेडमध्ये तू जितकं बसलीस तितकं मी बसले नाही, माझं लग्न झालं होतं. पण म्हणूनच सांगते. होडीत नुसता भार द्यायला कुणीही बसेल, ऐकायला तू हवीस. मी तेव्हाही बाहेर उभी असायचे, मला कधीच कळलं नाही कुठली फळी खोटी वाजली.

बाबांची मोगरी तुझ्याकडे आहे. काजू फोडायला वापरतेस, मला माहीत आहे. ती घासून, पुसून, उन्हात वाळवून बॅगेत घाल. नारळ आणू नकोस, इथे मिळतो, आणि विमानतळावर काढून घेतील. मोगरीचंही विचारतील, लाकडाबद्दल फार कडक आहेत हे लोक, लपवायचं नाही, आधीच पुढे करायची. कशाला आणलीत म्हणाले तर सांग, मुलाची होडी वाजवून बघायचीय. न्यायला तो स्वतः येईल, केसांत भुसा असेल, झटकू नकोस.

ये बाई. गोणपाटं सुकायच्या आत ये.